एमई/सीएफएसच्या रुग्णाची रक्ततपासणी: नंतरचा क्रॅश कसा टाळावा?

शांतकिनारा

प्रौढ रुग्णासाठी विचारतेय. एमई/सीएफएसचं (मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस/क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे थोड्या श्रमानेही तब्येत ढासळणारा दीर्घकाळचा आजार) निदान झालेलं आहे, दिवसाचा बहुतेक वेळ आडवंच राहावं लागतं. उभं राहिलं की काही मिनिटांत नाडी तीसहून जास्त ठोक्यांनी वाढते आणि बसूनही फार वेळ निभत नाही. डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या लिहून दिल्या आहेत: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह), थायरॉइड, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, डी जीवनसत्त्व, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, सोडियम-पोटॅशियम, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी) आणि सकाळचं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक).

मागच्या वेळी त्या दिवशी सगळं ठीक वाटलं, पण दोन दिवसांनी तब्येत पार खालावली, म्हणजेच क्रॅश झाला. म्हणून नेमके प्रश्न असे:

एवढ्या तपासण्यांना किती रक्त लागतं आणि त्या रक्तामुळेच अशक्तपणा येतो का? सगळं एकदम करावं की दोन वेळा विभागून? बारा तास उपाशी राहणं खरंच गरजेचं आहे का? शीर सापडत नाही, दोन-तीनदा टोचावं लागतं, त्यावर काय करता येईल? आणि घरी येऊन नमुना घेणाऱ्यांना आधी काय सांगून ठेवावं?

अर्धीऊर्जा

शांतकिनारा, आधी खर्च नेमका कुठे होतो ते बघा. लवकर उठणं, आंघोळ, कपडे बदलणं, जिना, गाडीतले धक्के, ताटकळत बसणं, ट्यूबलाइट, बोलण्याचा गलका, नाव-वय-फोन पुन्हा पुन्हा सांगणं, वर पोट रिकामं, आणि मग तेवढाच परतीचा रस्ता. या सगळ्यात सुईची जेमतेम दोन-तीन मिनिटं. त्यामुळे सुईच्या भीतीवर कितीही उपाय केले तरी बाकीचं तसंच राहिलं, तर क्रॅश टळत नाही. कात्री लावायची ती आजूबाजूच्या गोष्टींना.

घरी येऊन नमुना नेण्याची सोय असेल तर तीच घ्या, दुसरा विचार करू नका. ती नसेल तर दिवसाची पहिली वेळ मागा, आणि फोनवरच विचारा की आडवं पडायला बाक किंवा खाट आहे का. "रुग्ण बसून रक्त देऊ शकत नाही" हे वाक्य आधी सांगितलेलं बरं. आयत्या वेळी काउंटरवर वाद घालणं हेही श्रमच. चालता येत असलं तरी व्हीलचेअर न्या. पाय चालतात म्हणून चालवायचं नसतं, ती शक्ती नंतरच्या दिवसांसाठी राखायची असते. गाडीत पुढची सीट मागे झुकवून पाय वर घेता आले तर उत्तम. नोंदणी, कागद, पैसे हे सगळं सोबतच्या माणसाने करावं आणि रुग्णाने आपला नंबर येईपर्यंत गाडीतच पडून राहावं.

श्रमानंतर बळावणारा त्रास बहुधा १२ ते ४८ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो. म्हणून त्या दिवशी चेहरा ठीक दिसतो आणि "बाहेर पडलोच आहोत तर" म्हणून आणखी एखादं काम उरकलं जातं. तुम्ही सांगितलेलं दोन दिवसांचं अंतर याच्याशी अगदी जुळतं. आधीचे दोन दिवस आणि नंतरचे किमान तीन दिवस कोरे ठेवा. पाहुणे नकोत, लांबलचक फोन नकोत. केस धुणं, आंघोळ हे त्या दिवशी नको. अंग पुसून घेतलं तरी चालतं. बाही कोपराच्या वर सहज सरकेल असा सैल कपडा आदल्या रात्रीच घालून झोपलं तर सकाळी बदलावा लागत नाही.

पाण्याबद्दल. उपाशीपोटी म्हणजे पाण्याशिवाय, असा गैरसमज सर्रास असतो. साधं पाणी चालतं, नव्हे, प्यायलाच हवं. सुईच्या १५ ते ३० मिनिटं आधी साधारण अर्धा लिटर पाणी प्यायल्याने रक्तदाब काही काळ सावरतो आणि शिराही भरतात. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. दाबाचे मोजे वापरत असाल तर ते अंथरुणातून उठण्याआधी चढवा. उठल्यावर रक्त पायात उतरतं, मग त्यांचा उपयोग कमी होतो.

रक्त देताना भोवळ येऊ नये म्हणून हातपायांचे स्नायू १०-१५ सेकंद आवळून सोडायचा व्यायाम सुचवला जातो. नुसती भोवळ येणाऱ्याला तो चांगला आहे. पण एमई/सीएफएसमध्ये तोही श्रमच. आडवं राहून पायांखाली दोन उशा घेतल्या तर काहीही न आवळता तेच काम होतं.

नमुनाकक्ष

शिरा आणि नळ्यांबद्दल मी सांगतो.

तुमची यादी लांब दिसते, पण नळ्या फार लागत नाहीत. जांभळ्या झाकणाच्या एका नळीत, २ ते ३ मिलि रक्तात, सीबीसी आणि एचबीए१सी होतं. बऱ्याच लॅबमध्ये ईएसआरसुद्धा त्यातूनच करतात, काही ठिकाणी त्याला वेगळी काळ्या झाकणाची नळी लागते. बाकीचं जवळपास सगळं पिवळ्या किंवा लाल झाकणाच्या, सीरमच्या (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग) एक-दोन नळ्यांत बसतं. उपाशीपोटीची साखर सांगितली असेल तरच राखाडी झाकण. म्हणजे एकूण १० ते १५ मिलि. ५० किलोच्या माणसात साधारण सव्वातीन लिटर रक्त असतं, त्याच्या अर्ध्या टक्क्याहून हे कमी आहे. एमई/सीएफएसच्या अनेक रुग्णांत रक्ताचं एकूण आकारमानच कमी आढळतं हे खरं, तरीही एवढ्या रक्ताने अशक्तपणा यायला नको. मात्र वारंवार तपासण्या होत असतील, ॲनिमिया असेल किंवा वजन फार कमी असेल तर लहान मुलांच्या नळ्या मागा, त्या अर्धा ते एक मिलिच्या असतात. लॅबच्या मशीनवर त्या चालतात का, एवढं आधी विचारून घ्या.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: नमुना पहिल्याच वेळी नीट घेतला गेला पाहिजे. नमुना फुकट गेला की "पुन्हा या" असा फोन येतो, आणि या आजारात तो फोन म्हणजे आणखी एक क्रॅश. नमुने खराब होतात ते ठरलेल्या कारणांनी. दंडाचा पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवला, शीर फुगावी म्हणून मूठ उघडझाप करायला लावली, की पोटॅशियम खोटं वाढतं. मूठ एकदा हलकेच मिटली की पुरे. बारीक सुईतून सिरिंजने जोरात ओढलं की लाल पेशी फुटतात. पोटॅशियम पुन्हा वाढलेलं येतं किंवा लॅब नमुनाच नाकारते. जांभळी नळी अर्धवट भरली किंवा लगेच ८-१० वेळा हलक्या हाताने उलटसुलट केली नाही, तर आत गुठळी होते आणि सीबीसी वाया जातं. जांभळी नळी पिवळीच्या आधी भरली तर तिच्यातलं रसायन पुढच्या नळीत उतरून पोटॅशियम जास्त आणि कॅल्शियम कमी दिसू शकतं. म्हणून क्रम पाळायचा: रक्त गोठण्याच्या तपासणीची निळी नळी असेल तर ती आधी, मग सीरम, मग जांभळी, शेवटी राखाडी.

शीर सापडण्यासाठी हात गरम हवा. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, सोसवेल इतपतच ऊन, कोपरावर ३ ते ५ मिनिटं. उष्णता सोसत नसेल तरी फक्त हातापुरती बहुधा चालते. हात काही मिनिटं खाटेच्या कडेवरून खाली सोडून ठेवा. रक्त काढतानाही कोपराखाली गुंडाळलेला टॉवेल घालून हात सरळ आणि हृदयाच्या पातळीपेक्षा किंचित खाली हवा. पट्टा टोचण्याच्या जागेपासून ७ ते १० सेंटिमीटर वर बांधतात; शीर शोधण्यातच मिनिट गेलं तर तो सोडून, दोन मिनिटं थांबून पुन्हा बांधावा.

नाजूक शिरांसाठी २३ गेजची (जाडीचं माप) बटरफ्लाय सुई, म्हणजे पंख आणि लांब लवचिक नळी असलेली बारीक सुई, मागा. रक्त आपोआप आत ओढणाऱ्या निर्वात नळीची ओढ जास्त असली की बारीक शीर आत चपटी होते, पातळ स्ट्रॉने घट्ट सरबत ओढावं तशी. मग सुई शिरेतच असते, पण रक्त थांबतं आणि दुसरीकडे टोचलं जातं. तिथे लहान नळी लावणं हा उपाय. बटरफ्लायच्या लांब नळीत हवा असते, त्यामुळे पहिलीच नळी निळी असेल तर ती कमी भरते. तिच्यात रक्त आणि रसायनाचं प्रमाण ९:१ लागतं, म्हणून आधी एक टाकाऊ नळी लावायची.

एका व्यक्तीने दोनदाच प्रयत्न करावा, नंतर दुसऱ्या अनुभवी माणसाला बोलवावं किंवा दिवस बदलावा. हे आधीच ठरवून सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही. कुठला हात, कुठली शीर याआधी लागली ते रुग्णाला माहीत असतं, तेही सांगा. टोचताना बोटांपर्यंत विजेसारखी कळ गेली तर लगेच बोला. सुई नसेला लागलेली असू शकते, ती ताबडतोब काढायची असते.

शांतकिनारा

नमुनाकक्ष, अर्धीऊर्जा, खूप आभार. पोटॅशियमचा मुद्दा मोलाचा आहे, मागच्या वेळी तेच किंचित वाढलेलं म्हणून तपासणी पुन्हा करावी लागली होती.

आता उरलं ते असं. आडवं पडून रक्त घेतलं तर आकडे बदलतात का? कॉर्टिसॉलसाठी सकाळी आठचीच वेळ हवी म्हणतात, पण रुग्णाची सकाळच सगळ्यात वाईट जाते. औषधं त्या दिवशी घ्यायची की नाही? केसांसाठी बायोटिनच्या गोळ्याही चालू आहेत.

तपासवही

बायोटिनपासून सुरू करतो, कारण त्याने सगळ्यात जास्त गोंधळ होतो. केस-नखांच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. थायरॉइडच्या बऱ्याच किटमध्ये ते मोजणीत अडथळा आणतं: टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) खोटं कमी आणि टी४ (थायरॉइडचं संप्रेरक) खोटं जास्त दिसू शकतं. थकलेल्या, धडधड होणाऱ्या रुग्णाचा असा रिपोर्ट आला की थायरॉइड वाढलंय असं वाटून भलतीच धावपळ सुरू होते. किमान दोन दिवस आधी बंद ठेवा, डोस जास्त असेल तर आणखी आधी. आणि तशी गोळी चालू होती हे फॉर्मवर लिहा.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती रक्त दिल्यानंतर घ्यावी. रक्तदाब-नाडीसाठीची औषधं, फ्लुड्रोकॉर्टिसोन (शरीरात मीठ-पाणी धरून ठेवणारं औषध), मीठ, क्षारांचं पाणी, हे कोणाच्या ऐकीव सल्ल्याने चुकवू नका. फ्लुड्रोकॉर्टिसोनने पोटॅशियम कमी होऊ शकतं आणि नेहमीच्या डोसवर ते किती राहतं, हेच तर बघायचं असतं. एक सावधगिरी: मिडोड्रिन (रक्तदाब वाढवणारं औषध) घेतल्यावर सपाट झोपल्यास रक्तदाब फार चढू शकतो. ते चालू असेल तर गोळी आणि सुई यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि डोकं उंच ठेवून, टेकून रक्त द्या.

आडवं पडल्याने आकडे थोडे बदलतात. उभं राहिल्यावर रक्तातला पाण्याचा भाग ऊतींमध्ये उतरतो, म्हणून हिमोग्लोबिन, प्रथिनं, कॅल्शियम, कोलेस्टेरॉल उभ्या माणसात जास्त दिसतात, आडव्यात कमी. फरक साधारण दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. निदान चुकेल इतका तो बहुधा नसतो, पण मागच्या वेळी बसून १२.५ आणि या वेळी झोपून ११.६ असं हिमोग्लोबिन आलं तर घाबरायच्या आधी शरीराची स्थिती बघा. दर वेळी त्याच स्थितीत, १५ मिनिटं तसंच राहून नमुना द्या आणि फॉर्मवर "झोपून घेतला" असं लिहून घ्या. रेनिन-अल्डोस्टेरॉन (रक्तदाब आणि क्षार सांभाळणाऱ्या घटकांची तपासणी) कधी सांगितलं तर तिथे स्थितीला खरंच महत्त्व आहे. ती डॉक्टरांनीच ठरवावी.

उपासाचं म्हणाल तर तुमच्या यादीत सीबीसी, थायरॉइड, फेरिटिन, बी१२, डी, यकृत, मूत्रपिंड, एचबीए१सी, सीआरपी यांपैकी कशालाच सहसा उपाशी राहावं लागत नाही. लिपिडसुद्धा आता अनेक ठिकाणी जेवलेल्या अवस्थेत स्वीकारतात. ट्रायग्लिसराइड (लिपिडमधला एक प्रकार) फार वाढलेलं आलं तरच उपाशीपोटी पुन्हा करतात. उपाशीपोटीची साखर असेल तर ८ तास. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: "एचबीए१सी आहेच, मग उपास टाळता येईल का?" बहुतेक वेळा उत्तर हो असतं, आणि उभं राहिल्यावर नाडी धावणाऱ्या रुग्णाचा मोठा ताण वाचतो.

कॉर्टिसॉल मात्र ८ ते ९ दरम्यानच घेतलं जातं, कारण दिवसभर ते उतरत जातं आणि संदर्भाचे आकडे सकाळचे असतात. दगदग, प्रवास, वेदना यांनी ते वाढतं. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे एकूण कॉर्टिसॉल जास्त दिसतं, स्टेरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शन किंवा श्वासातून घ्यायचे पंप यांनी कमी येऊ शकतं. यातलं काही चालू असेल तर आधी सांगा. रुग्णाची झोप उलटसुलट झाली असेल, पहाटे चारला डोळा लागत असेल, तर सकाळी आठच्या आकड्याचा अर्थ लावणंही कठीण होतं. हे डॉक्टरांच्या कानावर घाला. ब्रिटनच्या नाइस या उपचारांचे मार्गदर्शक नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत एमई/सीएफएसचा संशय असताना करायच्या नेहमीच्या तपासण्यांत कॉर्टिसॉल नाही. सकाळी नऊचं कॉर्टिसॉल लक्षणं पाहून, गरज वाटली तर करायचं आहे. वजन घटणं, त्वचा काळवंडणं, सोडियम कमी असणं असं काही असेल तर ते टाळू नका. तसं काही नसेल तर बाकीचं सगळं दुपारी, रुग्णाच्या बऱ्या वेळी घेता येईल का, हे विचारण्यात गैर काही नाही.

विभागून की एकदम? एकदम. प्रत्येक वेळी श्रमांचा तोच खर्च होतो. आणि एखादी तपासणी मागाहून आठवली तर आधी लॅबला फोन करा. सीरम बहुतेक लॅब काही दिवस जपून ठेवतात, त्यातच ती वाढवून घेता येते.

या तपासण्यांनी एमई/सीएफएसचं निदान होत नाही, तसा रक्तातला खात्रीचा निकष अजून नाही. त्या असतात थकव्याची इतर, उपचार करता येतील अशी कारणं शोधायला. म्हणून सगळं नॉर्मल आलं याचा अर्थ रुग्णाला काही झालेलं नाही, असा कोणी काढत असेल तर तो चुकीचा आहे.

अर्धीऊर्जा

घरी येणाऱ्या व्यक्तीला काय सांगायचं, तो प्रश्न राहिला होता. तोंडी सांगण्यापेक्षा आदल्या दिवशी मेसेज पाठवा आणि तोच कागदावर लिहून दाराशी ठेवा. मजकूर साधारण असा:

"रुग्णाला प्रकाश, आवाज आणि वास सोसत नाही. बेल वाजवू नका, खाली आल्यावर मेसेज करा. अत्तर किंवा डिओ लावून येऊ नका. नाव, वय, फॉर्म यांची तपासणी बाहेरच्या खोलीत आमच्याकडून करून घ्या. आत एकानेच यावं. रुग्ण आडवा राहील आणि डोळ्यांवर पट्टी असेल. हात लावण्याआधी हळू आवाजात एकदा सांगा, गप्पा नकोत. रुग्ण मान हलवून उत्तर देईल. दोनपेक्षा जास्त वेळा टोचू नका."

ओळख पटवताना रुग्णाकडूनच नाव ऐकण्याचा नियम असतो. बोलणं झेपत नसेल तर ओळखपत्र उशाशी ठेवा. खोलीतला दिवा न लावता कपाळावर बांधायचा टॉर्च फक्त कोपरावर रोखला तरी शीर दिसते. नळ्यांवरची लेबलं रुग्णाजवळच लावायची असतात, तेवढ्यासाठी आधीच छापील चिकटपट्ट्या आणायला सांगा. स्पिरिटचा वास फार होतो, पण ते पूर्ण वाळेपर्यंत, साधारण ३० सेकंद, थांबायलाच हवं. ओलं असताना टोचलं तर झोंबतं आणि नमुनाही बिघडू शकतो.

नमुनाकक्ष

बरोबर. घरच्या नमुन्याबद्दल आणखी एक. सीरमची नळी साधारण दोन तासांत लॅबमध्ये फिरवून वेगळी व्हावी लागते, नाहीतर पुन्हा पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. म्हणून रुग्णाचं घर त्या फेरीत शेवटचं किंवा लॅबच्या जवळचं ठेवायला सांगा. लॅक्टेट (स्नायूंतून येणारं आम्ल), एसीटीएच (कॉर्टिसॉलला चालना देणारं संप्रेरक) असल्या तपासण्यांना बर्फ आणि झटपट प्रक्रिया लागते. त्या घरून नीट होत नाहीत, तेव्हा कोणी घरून घेऊ म्हणालं तर लॅबला खात्री करून विचारा.

शांतकिनारा

बधिर करणारं क्रीम लावावं का? आणि नंतर हात काळानिळा पडतो, दाबून धरायचीही ताकद नसते, त्याचं काय?

नमुनाकक्ष

लिडोकेन-प्रिलोकेनचं क्रीम चालतं, पण ते एक तास आधी, वर प्लास्टिकची पट्टी लावून ठेवावं लागतं. ऐनवेळी लावून काही होत नाही. त्याने शिरा थोड्या आकसतात, म्हणून ५ ते १० मिनिटं आधी पुसून मग ऊन टॉवेल ठेवा. शीर नेमकी कुठे घेणार ते माहीत नसेल तर दोन्ही कोपरांवर लावा, प्रमाण मात्र वेष्टनावर लिहिलंय तेवढंच. अशा औषधांची ॲलर्जी असेल तर अर्थातच नको.

काळंनिळं पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कापूस ठेवून कोपर दुमडणं. हात सरळ ठेवून दोन बोटांनी, न चोळता, ३ ते ५ मिनिटं दाब द्यायचा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर दहा मिनिटं. हा दाब रुग्णाने द्यायची गरज नाही, सोबतच्या माणसाने द्यावा; मग कापसावर क्रेप बँडेज फार घट्ट नाही असं गुंडाळून तासाभराने सोडावं. चिकटपट्टीने त्वचा सोलवटत असेल तरीही हेच करा. तरीही गाठ आलीच तर पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं. गाठ वाढत गेली, बोटं बधिर किंवा थंड पडली, किंवा दोन दिवसांनी लाली पसरून ताप आला तर डॉक्टरांना दाखवा, क्रॅशचाच भाग म्हणून सोडून देऊ नका.

रक्त दिल्यावर १५ मिनिटं तसंच आडवं राहू द्या. मग पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवा, त्यानंतरच उठवा. शौचालयात जायची घाई असेल तर भांडं खाटेजवळ आणा, कारण भोवळ येऊन पडणं बहुधा याच वेळी होतं.